‘हिंगिसच्या जिवावर’ नंबर वन? जरा हिशेब मांडू

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर तीन-चार महिन्यांनी उगवतो. पाठवणारे हात बदलतात, मजकूर तसाच. परवा तो एका काकांनी पाठवला, सोबत तीन हसरे चेहरे. थोडक्यात तो असा: ‘सानिया मिर्झाला एकेरीत काही जमलं नाही म्हणून ती दुहेरीत शिरली. दुहेरीत जिंकली ती मार्टिना हिंगिस, ही नुसती बाजूला उभी. नाव झालं ते दिसण्यामुळे आणि जाहिरातींमुळे. लग्न करून पाकिस्तानची झाली, मूल झाल्यावर खेळ संपला. आणि म्हणे भारताची सर्वांत मोठी महिला टेनिसपटू!’

काकांशी ग्रुपवर वाद घालायचा नाही असं घरातून बजावलेलं आहे, म्हणून इथे लिहितोय.

‘एकेरीत काही जमलं नाही’ इथून सुरू करू. २००५च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अठरा वर्षांची सानिया वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) खेळली आणि तिसऱ्या फेरीत पोचली. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीत तिसरी फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे समोर सेरेना विल्यम्स आली, १-६, ४-६. पुढच्याच महिन्यात हैदराबादला तिने डब्ल्यूटीएचं (महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेचं) एकेरीचं विजेतेपद मिळवलं. हेही भारतीय महिलेचं पहिलंच. मार्चमध्ये दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं, आणि कुझनेत्सोव्हा त्या वेळी यूएस ओपनची विद्यमान विजेती होती. सप्टेंबरात यूएस ओपनमध्ये मारियों बार्तोलीला हरवून सानिया चौथ्या फेरीत गेली आणि शारापोव्हाकडून सपाटून हरली. वर्षाच्या सुरुवातीला क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असलेली मुलगी वर्षअखेरीस ३१व्या क्रमांकावर होती.

ऑगस्ट २००७मध्ये ती २७व्या क्रमांकावर पोचली. हा आकडा काकांना लहान वाटेल. पण तिच्याआधी आणि तिच्यानंतर आजवर एकही भारतीय महिला एकेरीत पहिल्या शंभरात गेलेली नाही. निरुपमा वैद्यनाथनने १९९८मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकला तेव्हा तीच मोठी बातमी होती. सत्तावीस हा आकडा त्या पार्श्वभूमीवर वाचायचा.

मेसेजच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखंही आहे. एकेरीत ती ग्रँड स्लॅमच्या चौथ्या फेरीपलीकडे कधीच गेली नाही, आणि डब्ल्यूटीएच्या एकेरीत हैदराबादनंतर दुसरं विजेतेपद नाही. तिची दुसरी सर्व्हिस ऐन मोक्याला दगा द्यायची आणि प्रतिस्पर्धी पुढे सरसावून ती झोडायच्या, हे मी स्वतः टीव्हीसमोर नखं खात पाहिलेलं आहे. कोर्टावरची धावही पहिल्या दहांतल्या खेळाडूंसारखी नव्हती. फोरहँड मात्र जगातल्या कुणाहीसमोर ताठ उभा राहील असा. म्हणजे एकेरीत ती ‘महान’ नव्हती, हे मान्य. ‘काही जमलं नाही’ हे मात्र धादांत खोटं.

आता ‘म्हणून दुहेरीत शिरली’ यातला ‘म्हणून’. मला सगळ्यात जास्त राग याच शब्दाचा आहे, कारण साध्या तारखांपुढे तो टिकत नाही. २००३मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने विम्बल्डनचं मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद जिंकलं होतं, जोडीला रशियाची अलिसा क्लेबानोव्हा. डब्ल्यूटीएचं तिचं पहिलं विजेतेपद २००४चं हैदराबाद, तेही दुहेरीत, लीझेल ह्यूबरसोबत. एकेरीतलं नाव त्यानंतर झालं.

आणि २००७ बघा. त्या वर्षी दुहेरीत चार विजेतेपदं: मोरोक्कोतलं फेस, सिनसिनाटी, स्टॅनफर्ड, न्यू हेवन. जोडीदार अनुक्रमे व्हेनिया किंग, बेथनी मॅटेक, शहर पीअर, मारा सांतांजेलो. चार स्पर्धा, चार वेगळ्या जोडीदार. त्याच उन्हाळ्यात एकेरीत २७वा क्रमांक. स्टॅनफर्डला तर एकाच आठवड्यात ती एकेरीची अंतिम फेरी खेळली (आना चाकवेताद्झेकडून हरली) आणि दुहेरीचं विजेतेपद घेऊन गेली. एकेरीतून हाकलली गेलेली बाई असं वेळापत्रक कशाला चालवेल?

मग तिने एकेरी सोडली का? सोडली, २०१३च्या सुमारास. कारण शरीर. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत उजव्या मनगटामुळे तिला सामना अर्धवट सोडावा लागला आणि त्याच वर्षी त्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. गुडघे धरून कारकिर्दीत एकूण तीन शस्त्रक्रिया. तिचा सगळा फोरहँड मनगटाच्या झटक्यावर उभा होता. ज्या सांध्यातून ताकद यायची तोच सांधा गेला. एकेरीत अख्खं कोर्ट एकटीने सांभाळायचं. दुहेरीत अर्धं, रॅली आखूड, आणि सर्व्हिस चारांतल्या एका गेममध्ये. दुखऱ्या गुडघ्यांना आणि कमकुवत सर्व्हिसला हे गणित मानवतं, फोरहँडची धार मात्र तशीच वापरता येते. याला पळवाट म्हणायचं असेल तर खांदा गेल्यावर वेग कमी करून स्विंग शिकणारा प्रत्येक गोलंदाज पळपुटा ठरेल.

‘दुहेरी म्हणजे अर्धं टेनिस’ हा उपसूर मेसेजमध्ये लिहिलेला नाही, पण ऐकू येतो. एकेरीच्या बऱ्याच अव्वल खेळाडू दुहेरी खेळत नाहीत आणि बक्षिसाची रक्कमही तिथे बरीच कमी, हे खरं. पण ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत चौसष्ट जोड्या असतात आणि करंडकासाठी सहा सामने जिंकावे लागतात. विल्यम्स भगिनींनी एकत्र चौदा ग्रँड स्लॅम दुहेरीत जिंकली, तेव्हा कुणी त्यांना ‘अर्धं टेनिस’ म्हणालं नाही. शिवाय हाच मेसेज फिरवणारी मंडळी पेस-भूपतीच्या जोडीवर जीव ओवाळून टाकतात. ती दुहेरीच होती ना काका?

आता हिंगिस, एकेकाळी एकेरीतही जगात पहिली असलेली स्वित्झर्लंडची खेळाडू.

२०१५च्या मार्चमध्ये दोघी एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा पहिल्या तीन स्पर्धा ओळीने जिंकल्या. चार्ल्सटननंतर, १३ एप्रिल २०१५ला, सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. पुढे विम्बल्डन, यूएस ओपन, आणि २०१६चं ऑस्ट्रेलियन ओपन. मधल्या काळात सलग ४१ सामने न हरता. हिंगिस ही टेनिसची जन्मजात बुद्धिबळपटू. नेटजवळ तिच्याइतका डोळा आणि हात क्वचितच कुणाचा असेल. तिचं श्रेय कमी करायचं कारणच नाही. पण ‘जिवावर’?

सानियाच्या कारकिर्दीत दुहेरीची एकूण ४३ डब्ल्यूटीए विजेतेपदं. त्यातली हिंगिससोबतची १४. उरलेली २९ कुणाच्या जिवावर? हिंगिस भेटण्याआधीच ती रशियाच्या एलेना व्हेस्निनासोबत २०११च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोचली होती आणि २०१४मध्ये झिम्बाब्वेच्या कारा ब्लॅकसोबत सिंगापूरला वर्षअखेरची स्पर्धा जिंकली होती, अंतिम सामना ६-१, ६-० असा. मिश्र दुहेरीत तीन ग्रँड स्लॅम आधीच खिशात होती: महेश भूपतीसोबत २००९चं ऑस्ट्रेलियन आणि २०१२चं फ्रेंच, ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेससोबत २०१४चं यूएस ओपन. हिंगिसला हाताशी एक होतकरू मुलगी मिळाली असं चित्र रंगवायचं असेल तर या सहा-सात वर्षांवर बोळा फिरवावा लागेल.

प्रश्न उलटाही विचारून बघा. सानियाआधी हिंगिसचं महिला दुहेरीतलं शेवटचं ग्रँड स्लॅम कोणतं? २००२चं ऑस्ट्रेलियन ओपन, कुर्निकोव्हासोबत. मध्ये तेरा वर्षं गेली, त्यात दोनदा निवृत्ती झाली, पुनरागमनं झाली, इतर जोडीदार झाल्या. तो दुष्काळ संपला २०१५च्या विम्बल्डनला. त्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये दोघी २-५ अशा मागे होत्या. तिथून सलग पाच गेम. मध्येच अंधारून आलं म्हणून छप्पर बंद करायला खेळ थांबवला, परत आल्या आणि ७-५ने संपवलं. समोर माकारोव्हा-व्हेस्निना, म्हणजे सानियाची जुनी जोडीदारच. हा सामना ज्याने पाहिला असेल त्याने ‘बाजूला उभी’ हे शब्द टाइप करून दाखवावेत.

तरीही शंका असेल तर ऑगस्ट २०१६. दोघींनी जोडी मोडली आणि दोनच आठवड्यांत सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत आमनेसामने आल्या. सानियासोबत बार्बोरा स्ट्रीत्सोव्हा, हिंगिससोबत कोको व्हँडवे. सानिया-स्ट्रीत्सोव्हा ७-५, ६-४ने जिंकल्या, आणि तोवर दोघींमध्ये वाटून असलेलं पहिलं स्थान एकट्या सानियाकडे आलं. (एकेरीतही २००६ला सोलमध्ये तिने हिंगिसला हरवलं होतं, पण ते जाऊ दे.) दुहेरीच्या अग्रस्थानावरचे सानियाचे एकूण आठवडे ९१.

दिसणं आणि जाहिराती: वर २००५चा हिशेब दिलाय, जाहिराती त्यामागून आल्या. प्रसिद्धीने तिला काय दिलं हे मोजताना काय घेतलं तेही मोजा. अठराव्या वर्षी तिच्या स्कर्टच्या लांबीवर एका मौलवीचा फतवा. २००८च्या सुरुवातीला पर्थच्या हॉपमन कपमध्ये तिरंग्याजवळ तिचे पाय दिसणारा फोटो आणि त्यावरून गदारोळ. सततच्या वादांना कंटाळून त्या वर्षी तिने बंगळुरूच्या स्पर्धेत खेळायचंच नाकारलं. घरच्या प्रेक्षकांसमोर न खेळण्याचा निर्णय एखादी खेळाडू हौसेने घेत नाही.

‘पाकिस्तानची झाली.’ पाकिस्तानी क्रिकेटपटू शोएब मलिकशी लग्न एप्रिल २०१०मध्ये. त्याच ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतासाठी एकेरीत रौप्य आणि दुहेरीत कांस्य. नोव्हेंबरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीत रौप्य, एकेरीत कांस्य. २०१४ला इंचिऑनमध्ये साकेत मायनेनीसोबत मिश्र दुहेरीत सुवर्ण, आणि महिला दुहेरीत आपल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेसोबत कांस्य. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्येही महिला दुहेरीत हीच जोडी उतरली. त्याआधी लंडन, नंतर टोकियो. पाकिस्तानसाठी खेळलेला एकही सामना कुणी दाखवावा. २०१४मध्ये तेलंगणाची सदिच्छादूत झाल्यावर एका राजकारण्याने तिला ‘पाकिस्तानची सून’ म्हटलं होतं. मेसेजमधली ओळ तिथूनच आलेली दिसते.

ऑलिंपिक पदक मात्र नाही. रिओत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीत चौथी, उपांत्य सामना आणि कांस्यपदकाचा सामना दोन्ही हरून. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच टोचायचं असतं तर इथे जागा होती. त्याला ते माहीतच नव्हतं बहुधा.

राहिलं मूल. मुलगा ऑक्टोबर २०१८चा. जानेवारी २०२०मध्ये होबार्टला पुनरागमनाची पहिलीच स्पर्धा, नादिया किचेनोकसोबत थेट विजेतेपद. मार्चमध्ये दुबईत फेड कपमध्ये (देशांच्या महिला संघांच्या स्पर्धेत) इंडोनेशियाविरुद्ध निर्णायक दुहेरी अंकिता रैनासोबत जिंकली आणि भारत पहिल्यांदाच प्ले-ऑफला पात्र ठरला. २०२१मध्ये ऑस्ट्रावाला झँग श्वाईसोबत त्रेचाळिसावं विजेतेपद.

आणि जानेवारी २०२३, मेलबर्न. वय छत्तीस. बोपण्णासोबत ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीची अंतिम फेरी, मुलगा प्रेक्षकांत. हरले, ६-७, २-६. बक्षीस समारंभात ती रडली, आणि अठराव्या वर्षी याच गावात सेरेनासमोर खेळले होते, सुरुवात तिथून झाली, असं तिने सांगितलं. खेळ ‘संपल्याला’ तेव्हा, मेसेजच्या हिशेबाने, चार वर्षं उलटून गेली होती.