एफईचे पालक

मुलाला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याच रात्री कुणीतरी मला ‘एफई पालक’ नावाच्या, म्हणजे फर्स्ट इयर इंजिनीअरिंगच्या पालकांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओढलं. प्रवेशाच्या कॅप राउंड, पर्सेंटाइल, कटऑफ यांतून जीव सुटला असं वाटत होतं. कसलं काय!

या ग्रुपवर स्वतःच्या नावाने कुणी राहत नाही. मेकॅनिकलचे बाबा, ई-टीसीच्या आई, आणि मान जरा ताठ ठेवून बोलणाऱ्या कॉम्प्युटरच्या सगळ्या आया. “आमचं ग्राफिक्सचं सबमिशन उद्या आहे, दोन शीट राहिल्यात, काय करू?” असं रात्री साडेअकराला विचारणारे सिव्हिलचे बाबा पन्नाशीचे आहेत. मुलगा? तो झोपलाय, दमतो बिचारा. त्यावर बांधकाम खात्यातल्या एका काकांचं तत्काळ उत्तर : “जीटी मारा.” म्हणजे काचेखाली ट्यूबलाइट लावायची, वर मित्राची पूर्ण झालेली शीट, त्यावर आपली कोरी, आणि मुकाट्याने गिरवायचं. पुढे काकांनी रडणारा इमोजी टाकला. आठवणींनीच असावा.

माझ्या वडिलांना कुणी “मुलगी कितवीला?” विचारलं, की ते आईकडे बघायचे.

आता ती सोय नाही. अठरा पूर्ण झालेला आमचा मुलगा मत देऊ शकतो, सरकार पाडू शकतो. पण रॅगिंग करणार नाही, याचं हमीपत्र त्याच्यासोबत पालकांनीही द्यायचं, तेही दरवर्षी, असा यूजीसीचा 2009 चा नियम आहे. नियम रास्तच आहे, त्याची थट्टा नाही. पण जो स्वतः सकाळी दहाला उठत नाही, तो रात्री दुसऱ्याला काय उठवणार, हे लिहायला त्या फॉर्मात जागा नव्हती.

मग आला पालक मेळावा. नाशिकहून पहाटे निघायचं ठरल्यावर चिरंजीवांचा फोन. “येतेच आहेस का तू? बरं, ये. पण मला हाक मारू नकोस. आणि सोन्या तर अजिबात नाही.”

सभागृहात पडद्यावर ‘75 टक्के हजेरी’ एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं, की मागच्या रांगेतल्या आजोबांनीही चष्मा न लावता वाचलं. नंतर प्रश्नोत्तरं. मेसच्या पोळ्या कडक का, हॉस्टेलचं वाय-फाय बाराला बंद का होत नाही, एम-वनचे, म्हणजे गणिताचे, सर जरा हळू शिकवतील का. एक आई उठल्या. “सर, हा दूधच पीत नाही. तुमचं ऐकतो, तुम्ही जरा सांगून बघा.”

एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, शांतपणे म्हणाले, “आधी वर्गात यायला सांगा. भेट झाली की दुधाचं बघतो.”

टाळ्या पडल्या. त्या आईंनीही वाजवल्या.

चहा-वड्याच्या रांगेत पेन फक्त माझ्याकडे निघालं, म्हणून मी पालक प्रतिनिधी झाले. हजेरीची डिफॉल्टर लिस्ट ग्रुपवर टाकणं आता माझं काम. पण त्यात माझा नंबर कधी लागतच नाही. अ‍ॅडमिन बाबा ती माझ्याआधी टाकतात, वर “पालकांनी गांभीर्याने घ्यावे” असंही लिहितात. त्यांच्या मुलाने सेकंड इयरलाच कॉलेज बदललं आणि तो मुंबईला गेला. बाबा म्हणाले, इथे आता ओळखी झाल्यात, तिकडच्या ग्रुपवर पुन्हा पहिल्यापासून कोण सुरुवात करणार?