लिमिट होल्डमची पुस्तकं रद्दीत घालू नका

लिमिट होल्डम हा पोकरचा प्रकार. त्यात प्रत्येक वेळी लावायची रक्कम, म्हणजे बेट, ठरलेली असते; नो-लिमिटमध्ये समोर असेल तेवढं लावता येतं. वर्षभरात हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या मित्रांनी पाठवला. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: "लिमिट होल्डम कॉम्प्युटरने 2015 मध्येच सोडवला. त्यावरची पुस्तकं जुनी झाली, पैसे वाया घालवू नका. नो-लिमिटचं एखादं चांगलं पुस्तक घ्या, लिमिट त्यातच येतं. सुरुवातीच्या पानांचा तक्ता पाठ करा आणि ऑनलाइन हजार डाव खेळा, तेच खरं शिक्षण." मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या एका कार्डरूममध्ये चार-आठ डॉलरच्या लिमिट टेबलावर बरीच वर्षं शनिवारी बसतो. या सल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने नवख्याचं नुकसान होतं, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"कॉम्प्युटरने सोडवला." अर्धं खरं आहे. अल्बर्टा विद्यापीठातल्या मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध जानेवारी 2015 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्यांच्या प्रोग्रामचं नाव सेफियस. पण त्यांनी सोडवला तो दोघांमधला लिमिट होल्डम, आणि हे निबंधाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. माझ्या टेबलावर नऊ जण असतात. तिसरा माणूस आला की 'या पद्धतीने खेळलात तर लांब पल्ल्यात हरणार नाही' ही हमीच उरत नाही. शिवाय सेफियसचं उत्तर हे न हरण्याचं आहे. समोरचा कुठे चुकतोय ते ओळखून त्याच्याकडून जास्तीत जास्त काढायचं, हे त्याचं काम नाही. चार-आठच्या टेबलावर तर सगळी कमाई तिथूनच येते.

आता "लिमिट त्यातच येतं" हे वाक्य. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच आहे.

होल्डममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). चार-आठ म्हणजे फ्लॉपआधी आणि फ्लॉपवर बेट चार डॉलरची, टर्न आणि रिव्हरवर आठची. त्यापेक्षा कमी नाही की जास्त नाही. समजा सहा जणांनी चार-चार घालून फ्लॉप पाहिला. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 24 डॉलर. तुमच्या हातात एक्का आणि गुलाम, फ्लॉपवर गुलाम, अठ्ठी, पंजी. तुमच्या उजव्या हाताच्या खेळाडूने चार लावले. नो-लिमिटचं पुस्तक सांगेल की जबर रक्कम लावा आणि मागच्यांना पळवा. इथे ती रक्कम लावताच येत नाही. मग हातात काय उरतं? नुसता कॉल केलात, म्हणजे तेवढेच चार घातलेत, तर पॉट 32 होतो आणि मागच्याला चार घालायचे असतात, म्हणजे त्याला आठास एक भाव मिळतो. त्याच्याकडे अठ्ठीची जोडी असेल तर त्याला सुधारणारी पानं पाच, न दिसलेली 47. म्हणजे 42 विरुद्ध 5, पुढच्या पानावर सुधारण्याचा भाव 8.4 ला एक. मध्ये आणखी एकाने कॉल केला की त्याचा भाव नवास एक होतो आणि त्याचं आत राहणं बरोबर ठरतं. तेच तुम्ही रेझ केलंत, म्हणजे चारचे आठ केलेत, तर पॉट 36, त्याला घालायचे आठ, भाव साडेचारास एक. आता तो आला तर चुकतो आणि गेला तर पॉट तुमच्या जवळ येतो. लिमिटमध्ये पैशांचा आकार तुमच्या ताब्यात नसतो. ताब्यात असतं ते एवढंच, की समोरच्याला एक बेट भरायला लावायची की एकदम दोन. आणि तेही बेट कुठल्या दिशेने आली त्यावर ठरतं. नो-लिमिटच्या पुस्तकात याची चर्चा असण्याचं कारणच नाही.

रिव्हरवरही तेच. पॉटमध्ये 64 डॉलर आहेत, समोरच्याने आठ लावले. तुम्हाला आठ घालून 72 मिळवायचे आहेत. दहातून एकदा जिंकलात तरी फिटलं. नो-लिमिट वाचून आलेला माणूस इथे मधली जोडी टाकून देतो आणि 'शिस्त पाळली' म्हणून समाधान मानतो. दिवाळीत तीन पत्ती खेळून आलेला आपला माणूस उलटी चूक करतो. त्याला समोरच्याला दाबायची सवय असते, आणि आठ डॉलरने इथे कुणी दबत नाही.

नावावर जाऊन पुस्तक घेणारेही इथेच फसतात. डॅन हॅरिंग्टनचे खंड उत्तम आहेत, पण ते नो-लिमिट स्पर्धांसाठी. डॉयल ब्रन्सनच्या 'सुपर/सिस्टम'मध्ये लिमिट होल्डमचं प्रकरण आहे, पण ते बॉबी बाल्डविनचं. ब्रन्सनने स्वतः लिहिलं ते नो-लिमिटवर.

"जुनी झाली." कुठल्या टेबलासाठी? पुस्तकाचं वय पाहण्याआधी ते कोणासाठी लिहिलंय ते पाहा. स्क्लान्स्की आणि मालमथ यांचं 'होल्डम पोकर फॉर अॅडव्हान्स्ड प्लेयर्स' 1988 चं. त्याचा गाभा अशा टेबलासाठी आहे जिथे फ्लॉपआधीच बरेच जण पानं टाकतात आणि दोघा-तिघांत डाव होतो. सैल, म्हणजे बरेच जण फ्लॉप पाहतात अशा टेबलांवरचा भाग 1999 च्या वाढीव आवृत्तीत आहे. हे पुस्तक घेऊन कुणी चार-आठवर बसला, सहा-सात जण फ्लॉप पाहताना त्याने वरचेवर ब्लफ केला आणि हरला, तर दोष पुस्तकाच्या वयाचा नाही. अशा टेबलासाठी ली जोन्सचं 'विनिंग लो लिमिट होल्डम' आहे, 1994 चं. ते साधं, सावध आहे आणि पहिले दोन महिने पैसे वाचवतं. त्यानंतर एड मिलर, स्क्लान्स्की आणि मालमथ यांचं 2004 चं 'स्मॉल स्टेक्स होल्डम'. वर एक्का-गुलामाचा जो हिशोब मांडला, तसा विचार करायला मी या पुस्तकाने शिकलो. माझ्या मते चार-आठच्या खेळाडूसाठी सगळ्यात मोलाचं पुस्तक हेच. मात्र पहिलंच म्हणून घेऊ नका, कारण त्यातला आक्रमकपणा पॉटचा हिशोब न येणाऱ्याच्या हातात घातक ठरतो. आणि सहा जणांच्या, सतत रेझ होणाऱ्या कडक टेबलावर बसणार असाल तर ग्रुड्झियन आणि हर्झोग यांचं 2007 चं 'विनिंग इन टफ होल्डम गेम्स'. तेच पुस्तक माझ्या शनिवारच्या टेबलावर आणलं तर नुसता तोटा वाढेल.

तक्त्याबद्दल थोडक्यात. हातातल्या पहिल्या दोन पानांवर खेळायचं की नाही हे सांगणारा तक्ता हवाच, पण तो पहिल्या चार डॉलरपुरता. उरलेल्या तीन फेऱ्यांत काय करायचं हे तो सांगत नाही.

राहिले हजार डाव. चांगल्या खेळाडूचंसुद्धा हजार डावांत पन्नासेक मोठ्या (टर्न-रिव्हरच्या) बेटांनी वर-खाली होणं नेहमीचं आहे. चार-आठवर म्हणजे चारशे डॉलर इकडे किंवा तिकडे. एवढ्या डावांनंतर जिंकलेला चुकीच्या सवयींना शहाणपण समजतो आणि हरलेला बरोबर केलेलं सोडून देतो. यातलं कुठलं कुठलं होतं हे तपासायला बाहेरून काहीतरी हातात लागतं, आणि ते पुस्तकच असतं. शिवाय भारतात बसून हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. नातेवाइकांना तो मार्ग सुचवू नका.

एक गोष्ट मात्र त्या सल्ल्यातही नाही आणि पुस्तकांच्या मलपृष्ठावरही नाही. माझ्या टेबलावर कार्डरूम प्रत्येक डावातून पाच डॉलर काढून घेते. तासाला तीस डाव धरले तर दीडशे डॉलर टेबलावरून जातात. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकी जवळपास सतरा, म्हणजे दोन मोठ्या बेटा. आधी तेवढं भरून काढायचं आणि मग कमाई. पुस्तक वाचून घर चालेल असं कुणी सांगितलं तर त्याला हा आकडा दाखवा.

आता कुणी विचारलं की कुठलं पुस्तक घेऊ, तर मी आधी एकच विचारतो: तुझ्या टेबलावर सरासरी किती जण फ्लॉप पाहतात? मागच्या महिन्यात एका तरुणाला सांगता आलं नाही. त्याला दोन तास नुसतं बसून मोजायला लावलं. परत आला तेव्हा म्हणाला, साडेपाच. त्याला ली जोन्स दिलं.