प्रतिवादी क्रमांक 7

दिवाणी न्यायाधीशांनी दाव्यातील दुरुस्तीचा अर्ज फेटाळला आणि जुन्नरहून अण्णांचा फोन आला, “वकीलसाहेब, आता हायकोर्ट.” अण्णांच्या मते हायकोर्टात जाणे म्हणजे माळशेज घाट उतरून मुंबईला येणे आणि 1878 साली बांधून झालेल्या त्या काळ्या दगडी इमारतीचे जिने चढून जाणे, एवढेच होते. त्यांना दोष देत नाही, कारण पाच वर्षे हायकोर्टाच्या अपील शाखेत फिरूनही ते काम त्याहून अवघड असेल असे मलाही वाटले नव्हते.

दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध राज्यघटनेचा अनुच्छेद 226, म्हणजे रिटचा अधिकार, चालत नाही, 227 खालीच, म्हणजे खालच्या न्यायालयांवरील देखरेखीच्या अधिकाराखालीच, यावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे मी मसुद्यात जिथे जिथे 226 लिहिले होते तिथे तिथे तो आकडा खोडला आणि शीर्षकात नेमका तसाच ठेवला. फायलिंगच्या खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तो क्षणात हेरला आणि अतिशय सौजन्याने ऑब्जेक्शनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नोंदवला. याचिकेला स्टॅम्प नंबर, म्हणजे दाखल करतानाचा तात्पुरता क्रमांक, मिळाला होता. पण ऑब्जेक्शन निघेपर्यंत स्टॅम्प नंबर म्हणजे बारसे न झालेले मूल, घरात रडते आहे पण हाक मारायला नाव नाही.

यादीतली बाकीची ऑब्जेक्शनेही माझ्याच कर्तृत्वाची होती. पान 41 नंतर थेट 43 आले होते. सातबाऱ्याची प्रत इतकी पुसट होती की तिच्यावरची विहीर कोरडी पडल्यासारखी दिसत होती, म्हणून तिची टाईप केलेली प्रत हवी होती. शिवाय दाव्याची प्रत मराठीत होती आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा भाषांतर आलेच. “सामाईक विहिरीच्या पाण्याची आठ दिवसांची पाळी” या शब्दांचे इंग्रजी करता करता माझी एक पूर्ण रात्र गेली. सकाळी ते मी अण्णांना मराठीत समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “छान आहे, पण ही आमची विहीर नाही.”

खरी परीक्षा मात्र पुढे होती. नोटीस निघाली, न्यायालयाच्या नोटिशीबरोबरच खाजगी बजावणीला आणि हमदस्तालाही, म्हणजे नोटीस आपणच हातोहात पोचवायलाही, परवानगी मिळाली. फारसीत दस्त म्हणजे हात, आणि इथे तो हात माझा होता. प्रतिवादी चौदा, सगळे अण्णांचे भाऊबंद; याचिका 186 पानांची; म्हणजे नुसत्या प्रतिवाद्यांसाठीच 2604 पाने. झेरॉक्सवाल्याने मला बसायला स्टूल दिले आणि चहा मागवला, ही वागणूक मला आजवर कोणत्याही कोर्टात मिळालेली नाही.

अण्णांनी दिलेले पत्ते असे होते: “मारुतीच्या देवळामागे, ओतूर”, “भोसरीला कंपनीत असतो” आणि, प्रतिवादी क्रमांक 7 पुरता, “नारायणगाव, कोणालाही विचारा”. पोस्टाने बहुधा विचारले असावे, कारण पाकीट “निघून गेले” असा शेरा घेऊन परत आले. दोघांची घरे बंद होती. एकाने मात्र पाकीट घ्यायला नकार दिला आणि मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी राहिलो. नोंदणीकृत टपाल जाणूनबुजून नाकारले तर ते बजावले गेले असे धरता येते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणत असे, देवा, उरलेल्यांनाही नकार देण्याची बुद्धी दे.

प्रतिवादी क्रमांक 11 च्या पाकिटावर “मयत” असा शेरा होता. मी अण्णांना फोन केला.

“हो, गेल्या दिवाळीत गेला. मीच खांदा दिला.”

“मग मला सांगितले का नाही?”

“सातबाऱ्यावर आहे ना अजून!”

वारस पाच निघाले. एक गेला आणि पाच आले, चौदाचे अठरा झाले, शीर्षकात दुरुस्ती झाली आणि झेरॉक्सवाल्याने या खेपेस चहाबरोबर बिस्किटेही मागवली.

सुनावणीच्या दिवशी बजावणीचे प्रतिज्ञापत्र तयार होते, फक्त क्रमांक 7 समोरची जागा रिकामी होती. साडेदहाला अण्णा मार्गिकेत आले तेव्हा त्यांच्याबरोबर आठ-नऊ माणसे होती. सगळे एकाच जीपने, डिझेलचा खर्च वाटून, पहाटे निघाले होते. बाकावर फडके पसरून भाकरी आणि ठेचा निघाला. ज्याच्या हातात अण्णांनी पहिली भाकरी ठेवली त्याला मी सहज नाव विचारले, आणि ते ऐकून माझ्या हातातली फाईल निसटली. तो प्रतिवादी क्रमांक 7 होता.

मी धावत जाऊन त्याचे पाकीट आणले, पेन उघडले आणि पोचपावती पुढे केली. त्याने भाकरी डाव्या हातात घेतली, पेनाकडे पाहिले आणि माझ्या अशिलाला विचारले, “अण्णा, करू का सही?”

अण्णांनी घास पुरता गिळला. “वकिलाला दाखवल्याशिवाय कशावर सही करायची नाही,” ते गंभीरपणे म्हणाले, “हे तुला मी लहानपणापासून सांगत आलोय.”

त्याने पेन मला परत दिले. मी त्याच पेनाने, थरथरत्या हाताने आणि भरल्या गळ्याने, पोचपावतीवर लिहिले: घेण्यास नकार.