इन्व्हर्टरची बॅटरी ठेवायची कुठे? गावोगाव फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या दोन उन्हाळ्यांपासून वऱ्हाडात आणि वर्धा-चंद्रपूरकडच्या गावांत मोबाइलवरून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: बॅटरी जमिनीवर ठेवू नका, फरशी करंट ओढून घेते, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवा, ऊब मिळाली की ती जोरात चालते, माळा नसेल तर आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघरात ठेवा, मुलांचा हात लागू नये म्हणून बंद कपाटात ठेवा, घरात भीती वाटत असेल तर कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, ठेवून लांब वायर ओढा, आणि लिथियमची असेल तर कुठेही ठेवा. मी आमच्या भागात घरगुती वायरिंगची आणि इन्व्हर्टरची कामे करतो, आणि हा संदेश वाचून बॅटरी हलवलेली घरे मी पाहिली आहेत. त्यामुळे या सहाही मुद्द्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

माळ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. उष्णतेत बॅटरी जोरात चालते हे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. तापमान वाढले की आतील रासायनिक क्रिया वेगाने होते, त्यामुळे मे महिन्यात तीच बॅटरी पंखा थोडा जास्त वेळ फिरवते. परंतु त्याच वेगाने धन पट्ट्यांच्या आतील शिशाची जाळी गंजते आणि पाणीही लवकर आटते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर ८ ते १० अंशांच्या वाढीला ते जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. आपल्याकडे अकोला, वर्धा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या पत्र्याखालचा माळा त्याहूनही गरम असतो. अशी उष्णता बारा महिने नसते हे मान्य, म्हणून वर्षाचा हिशेब सरळ गुणाकाराने होत नाही. तरी जी बॅटरी चार-पाच वर्षे सहज चालली असती, ती माळ्यावर दोन उन्हाळ्यांत निकामी झालेली मी एकाहून अधिक घरांत पाहिली आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. बॅटरी जसजशी तापते तसतसा चार्जिंगचा व्होल्टेज कमी करावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशाला सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट. म्हणजे २० अंश वाढले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट. ज्या इन्व्हर्टरला बॅटरीचे तापमान मोजणारा सेन्सर नाही, तो मे महिन्यातही जानेवारीचाच व्होल्टेज देत राहतो. बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते, उकळल्यासारखी बुडबुडते आणि आणखी तापते. धाब्याच्या जुन्या घरात जाड मातीच्या भिंतीआडची खोली दुपारीही गार राहते. अशी एक खोली घरात असताना माळा निवडणे चुकीचेच आहे.

माळ्यावर पाणीही कोणी पाहत नाही. बॅटरीच्या वर किमान फूटभर मोकळी जागा हवी, म्हणजे पातळी दाखवणारे तरंगे दिसतात आणि पाणी ओतता येते. हे पाणी डिस्टिल्डच हवे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या गावांत विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही, तेथे तेच पाणी बॅटरीत घालणे म्हणजे त्यातील क्लोराइडच्या हाती पट्ट्या सोपवणे होय. फिल्टरचे पाणी पिण्याला योग्य असले तरी ते डिस्टिल्ड नव्हे.

फरशी करंट ओढते, हा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. फार पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची असे, त्यातून आम्ल झिरपे, आणि ओल्या जमिनीवर तिचा चार्ज खरोखर उतरे. आजची पेटी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते आणि तिच्यातून फरशीकडे वीज जात नाही. बॅटरी पडून राहिली की ती कुठेही ठेवा, हळूहळू उतरतेच, आणि गार जागी सर्वांत सावकाश उतरते. चार्ज खरोखर गळतो तो वरच्या बाजूला, दोन टर्मिनलांमध्ये साचलेल्या धुळीच्या आणि आम्लाच्या ओलसर थरातून. तो पुसून काढावा. खाली लाकडी फळी किंवा प्लास्टिकचा ट्रे मात्र जरूर असावा, कारण पावसाळ्यात जमिनीला ओल येते आणि सांडलेले आम्ल शहाबादी फरशीला खाते.

आग्नेय दिशेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. पण त्या कोपऱ्यात चूल किंवा शेगडी असेल तर बॅटरी तेथे नको, एवढे मी आग्रहाने सांगतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेऊ शकतो. तो हलका असल्याने छताकडे जातो. सिलिंडरचा गॅस उलट हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका बॅटरीच्या टर्मिनलांच्या उंचीवर, जेथे सैल जोडणीतून ठिणगी उडू शकते. हे दोन्ही वायू एका लहान खोलीत एकत्र आणण्याचे काहीच कारण नाही.

बंद कपाटाचा सल्ला सर्वांत समंजस वाटतो, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. तीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल कपाटात सुमारे ३०० लिटर हवा मावते. तिचे ४ टक्के म्हणजे १२ लिटर. चार्ज पूर्ण झाल्यावरही ५ अँपिअर प्रवाह चालू राहिला, तर सहा सेलच्या (१२ व्होल्टच्या) बॅटरीतून तासाभरात १२ ते १४ लिटर हायड्रोजन निघतो. चांगला चार्जर प्रवाह याहून पुष्कळ कमी करतो हे खरे, पण वर सांगितलेला उन्हाळ्यातला अतिचार्ज लक्षात घेतला तर एका तासात धोक्याची रेषा ओलांडली जाणे अशक्य नाही. मुलांची काळजी रास्त आहे. तिच्यासाठी जाळीचे दार लावावे, जेणेकरून खालून हवा आत येईल आणि वरून वायू निघून जाईल. टर्मिनलांवर प्लास्टिकची टोपणे बसवावीत. एखादा पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर क्षणात हजाराहून जास्त अँपिअर वाहतात आणि पाना तापून लाल होतो.

येथे कपाशीबद्दल बोललेच पाहिजे. भाव वाढेल या आशेने कास्तकार महिनोन्महिने घरात कापूस भरून ठेवतो, पुष्कळदा छतापर्यंत, आणि इन्व्हर्टर त्याच खोलीच्या दाराशी असतो. कोरड्या कापसाला एक ठिणगी पुरते. जागेची कितीही अडचण असली तरी त्या खोलीत बॅटरी ठेवू नये. वर्षाचे पीक आणि घरातली माणसे यांपुढे कोणतीही सोय मोठी नाही.

आता कोठ्याचा मुद्दा. वायर लांब असली तरी चालते, हे २३० व्होल्टला लागू आहे, १२ व्होल्टला नाही. मिक्सर, तीन पंखे आणि दिवे मिळून ८०० वॉटचा भार धरा. बॅटरीकडून त्यासाठी साधारण ७५ अँपिअर येतात. बॅटरी कोठ्यात, इन्व्हर्टर १० मीटरवर घरात, आणि मध्ये १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तारेत सुमारे अडीच व्होल्ट हरवतात आणि जवळपास १९० वॉट नुसती तार तापवण्यात जातात. इन्व्हर्टरपर्यंत दहा व्होल्टही पोहोचत नाहीत आणि भरलेली बॅटरी उतरली असे समजून तो बंद पडतो. मग माणूस बॅटरीला दोष देतो. तीच बॅटरी दीड मीटरवर असती तर तूट ०.४ व्होल्टच्या आत राहिली असती. अंतर टाळता येत नसेल तर इन्व्हर्टरही कोठ्यातच बसवावा आणि २३० व्होल्टची तार घरापर्यंत आणावी. तेथे तोच भार साडेतीन अँपिअरवर चालतो आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतही तूट अर्ध्या व्होल्टची होते. बॅटरी कुठेही असो, धन टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, कारण कोठ्यातले उंदीर तारेचे आवरण कुरतडतात.

लिथियम कुठेही ठेवा, हे वाक्य लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरीच्या गुणांवरून घेतलेले दिसते. ती नेहमीच्या वापरात हायड्रोजन सोडत नाही, वजनाला हलकी असते आणि पाणी मागत नाही. पण तिच्या अनेक बॅटऱ्यांना ४५ अंशांवर चार्जिंगची मनाई असते. पत्र्याखाली ठेवली तर आतील संरक्षक सर्किट दुपारीच, म्हणजे सोलर पॅनल सर्वाधिक वीज देत असताना, चार्जिंग थांबवते. जुन्या ई-स्कूटरचे सेल जोडून बनवलेल्या पेट्या मात्र वेगळ्या रसायनाच्या असू शकतात. त्या झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी ठेवू नयेत.

ज्यांनी बॅटरी आधीच माळ्यावर चढवली आहे त्यांनी ती उतरवताना आधी वीजपुरवठा आणि इन्व्हर्टर बंद करावा, ऋण टर्मिनलची तार प्रथम सोडावी, आणि १५० अँपिअर-अवरची भरलेली ट्युब्युलर बॅटरी ५० किलोंच्या वर भरते हे लक्षात ठेवून दोघांनी मिळून ती उभीच धरून खाली आणावी. तिरकी झाली तर झाकणांतून आम्ल सांडते. घरातला खाण्याचा सोडा आणि बादलीभर पाणी जवळ असू द्यावे. आम्ल जमिनीवर सांडले तर सोडा टाकावा. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर सोड्याच्या मागे न लागता भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डोळ्यांसाठी लगेच दवाखाना गाठावा.