खिशातला फोन आणि पाषाणचा महासंगणक

मिरगाच्या तोंडावर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचा. मजकूर थोडक्यात असा: "माणूस चंद्रावर गेला त्या संगणकापेक्षा तुमच्या खिशातला फोन कितीतरी ताकदवान आहे. मग हवामानासाठी ८५० कोटींचे महासंगणक कशाला? अंदाज तर कधीच खरा ठरत नाही. आपल्या आजोबांना पंचांग आणि पावशा पुरत होता. ही सगळी शास्त्रज्ञांची खेळणी, शेतकऱ्याच्या हाती काय?" खाली हसणारे चेहरे. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी चंद्र. अपोलो यानातला संगणक फोनपेक्षा दुबळा होता, हे खरंच आहे. त्याची कामापुरती स्मृती जेमतेम ४ किलोबाइट. पण तो एकटा चंद्रावर गेला नव्हता. जमिनीवर ह्यूस्टनमध्ये आयबीएमचे खोलीभर आकाराचे संगणक यानाच्या मार्गाची गणितं सतत करत होते आणि त्यांची उत्तरं वर कळवली जात होती. मेसेज लिहिणाऱ्याने यानातला डबा मोजला आणि जमिनीवरचं यंत्र सोडून दिलं. आज आपल्या हातातल्या फोनचंही तेच आहे. त्यावर उमटणारं ढगाचं चित्र फोन काढत नाही. ते गणित दुसरीकडे होतं, फोन फक्त उत्तर दाखवतो.

ते 'दुसरीकडे' म्हणजे आपल्या पुण्यात, पाषाणला. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक आहे आणि नोएडाला त्याची जोड 'अरुणिका'. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही सुरू झाले. अर्काचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. एवढं लागतं कशाला, तर वातावरणाचे चौकोन पाडावे लागतात. प्रत्येक चौकोनात हवेचा दाब, तापमान, बाष्प, वारा यांची समीकरणं सोडवायची आणि काही मिनिटं पुढे जायचं. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, दहा दिवस पुढचं चित्र येईपर्यंत. चौकोन १२ किलोमीटरचा होता तो ६ चा केला की त्यांची संख्या चौपट होते. शिवाय लहान चौकोनात पावलंही लहान टाकावी लागतात, म्हणून काम निदान आठपट. मे २०२५ पासून आपल्याकडे ६ किलोमीटरच्या चौकोनांचं गणिती प्रारूप (मॉडेल) रोजच्या वापरात आहे. हे काम फोनवर करायला घेतलं तर उद्याचा अंदाज हाती येईपर्यंत तो 'उद्या' केव्हाच उलटून गेलेला असेल.

असं पूर्वी झालेलंही आहे. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात सहा तासांचा अंदाज हाताने मांडला. त्याला आठवडेच्या आठवडे लागले आणि उत्तरही साफ चुकलं. १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले. वाट बरोबर होती, यंत्र अपुरं होतं.

आता "कधीच खरा ठरत नाही". या मुद्द्यावर मला खरा राग येतो, कारण त्यामागे माणसं आहेत. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ च्या मे महिन्यात त्याच किनाऱ्यावर फणी आलं. आधीच अंदाज मिळाला म्हणून सुमारे १२ लाख लोकांना हलवता आलं आणि ओडिशातले मृत्यू शंभराच्या आत राहिले. सगळं श्रेय संगणकाला देणं चूक ठरेल. उपग्रह, रडार, बांधलेली निवारागृहं आणि दारोदार फिरलेले गावकरी यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण कुठे आणि केव्हा धडकणार हे कळलंच नसतं, तर हलवायचं कोणाला? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हाही होड्या आधी माघारी बोलावल्या होत्या, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. श्रीवर्धनच्या वाड्यांतली सुपारी आडवी झाली. ती वाचवणं कोणाच्याच हातात नव्हतं.

चुका होतात हे मला नाकारायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. त्याची पूर्वसूचना मुंबईला मिळाली नाही, आणि ते दुःख या शहराला अजून आहे. पण त्यातूनच चौकोन लहान का हवेत ते दिसतं. एकाच शहराच्या दोन टोकांना इतका फरक असेल तर मोठ्या चौकोनाला तो दिसणार कसा? वातावरणाच्या स्वभावातच एक मर्यादाही आहे. सुरुवातीच्या मोजणीतली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. तरी जगभर दर दहा वर्षांना अंदाज साधारण एका दिवसाने पुढे सरकत आला आहे. वीस वर्षांपूर्वी तीन दिवसांपुढचं जितकं कळायचं, तितकं आज पाच दिवसांपुढचं कळतं.

आणखी एक. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा हवामान खात्याच्या भाषेत ठरलेला अर्थ आहे: त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. उरलेली तीन चतुर्थांश ठिकाणं कोरडी राहिली म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. हे खात्याने लोकांना समजेल असं सांगायला हवं, आणि ते अजून नीट सांगितलं जात नाही. ही तक्रार रास्त आहे.

पंचांगाबद्दल मनात आदर ठेवूनच लिहितो. नक्षत्रं हे शेतीचं उत्तम वेळापत्रक आहे. मृग आणि कोकणातलं पावसाचं आगमन यांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून बसलेला आहे. पण ती सरासरी आहे. पंचांगात ज्यावरून पाऊस सांगतात ते नक्षत्राचं वाहन एकच, मग बेडूक असो की कोल्हा. तेच महाबळेश्वरला आणि तेच फलटणला. एकाच सातारा जिल्ह्यात पहिल्या ठिकाणी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दुसऱ्या ठिकाणी पाचशेच्या. शिवाय नक्षत्रं ऋतूंच्या मानाने हजार वर्षांत सुमारे १४ दिवस सरकतात. ज्ञानेश्वरांच्या काळी सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूंच्या हिशेबात आजच्यापेक्षा दहाएक दिवस आधी. पावशाचं म्हणाल, तर तो पक्षी त्याच्या विणीच्या हंगामात ओरडतो. त्याच्या ओरडण्याने मनाला बरं वाटतं, मलाही वाटतं. पण पेरा की थांबा, हे तो सांगत नाही.

राहिली 'खेळणी'. ८५० कोटी ही रक्कम मोठी दिसते. देशाच्या लोकसंख्येने भागली तर माणशी सहा रुपये येतात.

आणि शेतकऱ्याच्या हाती काय, तर २०२५ ची गोष्ट घ्या. पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला, १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच नाही. रानं भिजली, दुकानांत बियाण्यासाठी गर्दी झाली. त्याच वेळी कृषी विभाग आणि हवामानतज्ज्ञ सांगत होते की पुढे खंड आहे, पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल येऊ द्या. मे संपता संपता पाऊस थबकला. मृग लागला तेव्हा तो थांबलेलाच होता, जूनच्या मध्यावर पुन्हा हलला. ज्याने ऐकलं त्याची सोयाबीनची बॅग वाचली आणि दुबार पेरणी टळली. ज्या गावात तो इशारा पोचला नाही, तिथे का पोचला नाही, याचा जाब ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत जरूर विचारा. त्या मेसेजमध्ये हा प्रश्न असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.