‘पुस्तकी स्क्रम आमच्या ऑफिसात चालत नाही’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरसारखं काम लहान टीमने छोट्या टप्प्यांत करायची पद्धत. तिच्या प्राथमिक ओळखीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. कॉमेंटच्या चौकटीत उत्तर मावलं नसतं, म्हणून इथे वेगळं देत आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. लेख पुस्तकी आहे. तुमच्याकडे पंधरा मिनिटांचा स्टँडअप (रोजची छोटी बैठक, स्क्रममध्ये तिला डेली स्क्रम म्हणतात) पंचेचाळीस मिनिटं चालतो, मॅनेजर पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) मोजून दोन टीम एकमेकींच्या अंगावर घालतो, टेस्टरच्या हातात काम शेवटच्या दोन दिवसांत पडतं आणि उरलेलं सगळं पुढच्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक मुदतीच्या टप्प्यात, इथे दोन आठवडे म्हणजे कामाचे दहा दिवस धरू) ढकललं जातं. तेव्हा स्क्रम म्हणजे रोजची हजेरी, आणि नवशिक्यांना मीटिंगांची नावं पाठ करायला लावण्यात काही राम नाही. शिवाय शेवटी विचारलंय : मग सर्टिफिकेट करावं का?

वर्णन पटलं, निष्कर्ष पटला नाही.

केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ साली एका परिषदेत स्क्रम मांडलं आणि २०१० साली त्याची नियमावली, म्हणजे स्क्रम गाइड, प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२०ची आवृत्ती जेमतेम डझनभर पानांची आहे. त्यात स्टोरी पॉइंट नाहीत, व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पुरे होणारे पॉइंट) नाही, युझर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली गरज) नाही, उभं राहून बोलायची सक्तीही नाही. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्नसुद्धा २०२०मध्ये काढून टाकले. म्हणजे तुमच्या तक्रारींतल्या निम्म्या गोष्टी इतर पद्धतींतून किंवा सवयीने आत शिरलेल्या आहेत. पण एवढं म्हणून हात झटकणं बरोबर नाही, कारण तुमची मुख्य तक्रार, शेवटच्या दोन दिवसांतलं टेस्टिंग, ही स्क्रमच्या गाभ्यातलीच आहे. मीटिंगा बिघडल्या म्हणून ती होत नाही. काम ‘झालं’ कशाला म्हणायचं हे टीमने ठरवलेलं नसतं, म्हणून होते. गाइडमध्ये याला डेफिनिशन ऑफ डन म्हणतात, आणि नवशिक्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही.

एक उदाहरण घेऊ. हाउसिंग सोसायट्यांसाठी अ‍ॅप बनवणारी टीम. बॅकलॉगवर (करायच्या कामांच्या यादीवर) ओळ आहे : ‘सभासदाला मेंटेनन्स ऑनलाइन भरता यावा.’ बहुतेक टीम हिचे तुकडे असे पाडतात : डेटाबेस, एपीआय, स्क्रीन, पेमेंट गेटवे, टेस्टिंग. पाच तुकडे, पाच माणसं, पहिल्या दिवशी सगळे कामाला. हे तुकडे एकत्र येईपर्यंत तपासायला काहीच नसतं, आणि ते एकत्र येतात दहापैकी आठव्या दिवशी. टेस्टर सात दिवस काय करणार? टीम आळशी नाही. तुकडे आडवे पडलेत.

हेच उभे कापा. पहिला तुकडा : एकही थकबाकी नसलेला फ्लॅट, पूर्ण बिल, यूपीआयने भरणा, पडद्यावर पावती क्रमांक. बस. दुसरा : पैसे बँकेतून गेले पण अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’ दिसतंय, तेव्हा काय. तिसरा : थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज. चौथा : अर्धवट भरणा. इथे डेव्हलपरने डोकं लढवत बसू नये. आलेले पैसे आधी व्याजात वळवायचे की मुद्दलात, हा निर्णय प्रॉडक्ट ओनरचा (काय आणि कशाच्या आधी करायचं ते ठरवणाऱ्याचा) आहे, आणि त्याने तो चार खजिनदारांना विचारून स्प्रिंट सुरू व्हायच्या आधीच आणायचा आहे. पाचवा : पीडीएफ पावती ईमेलवर. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस पुढच्या स्प्रिंटला गेले तरी कोणाचं अडत नाही. पहिला तुकडा तिसऱ्या दिवशी टेस्टरपुढे येऊ शकतो, आणि पहिले दोन दिवस टेस्टर याच तुकड्याच्या अटी आणि केसेस लिहीत असतो.

आता या टीमची ‘झालं’ची व्याख्या : दुसऱ्या डेव्हलपरने कोड तपासला, तो मुख्य शाखेत मिसळला, ऑटोमेटेड टेस्ट पास झाल्या, बिल्ड टेस्ट सर्व्हरवर चढला, टेस्टरने पेमेंट यशस्वी, अयशस्वी आणि पेंडिंग अशा तिन्ही अवस्था पाहिल्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर बसला. यातलं एक जरी राहिलं तरी काम झालेलं नाही. ९० टक्के झालेल्या कामाची किंमत शून्य. ते रिव्ह्यूमध्ये (स्प्रिंटअखेर काम दाखवायच्या बैठकीत) दाखवायचं नाही. प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जातं. पुढच्याच स्प्रिंटमध्ये यायचा त्याला हक्क नाही, ते प्रॉडक्ट ओनर पुन्हा ठरवतो. कामांच्या बोर्डवर ‘डेव्ह डन’ (कोड लिहून झाला, तपासणी बाकी) असा रकाना करून तिथे अर्धे पॉइंट पदरात पाडून घेणाऱ्या टीम आहेत. ती स्वतःचीच फसवणूक.

उभे तुकडे पाडूनही शेवटी गर्दी होत असेल तर एकाच वेळी किती कामं उघडी आहेत ते मोजा. सात जणांच्या टीममध्ये तीन, फार तर चार. चारातलं एक तरी पुरं झाल्याशिवाय पाचवं उघडायचं नाही. हात रिकामा असेल तर टेस्टरला मदत करायची. डेव्हलपरांना हे सुरुवातीला आवडत नाही, हे मान्य.

प्लॅनिंगमधली गफलत मात्र निव्वळ गणिताची असते. सात जण, दहा दिवस, म्हणजे ७० मनुष्यदिवस असं धरून काम उचललं जातं. गणपतीच्या दिवसांतला स्प्रिंट घ्या. अर्धी टीम कोकणात. मिळून १२ दिवस रजा. उरले ५८. स्क्रमच्या आणि कंपनीच्या मीटिंगा माणशी एक दिवस : ५१. प्रॉडक्शनमधले बग, क्लायंटचे मधले फोन यासाठी पाचवा हिस्सा बाजूला ठेवा : उरले ४१च्या आसपास. ७०चं काम ४१ दिवसांत बसवायला गेलं की पहिला बळी टेस्टिंगचाच जातो. मग मॅनेजर म्हणतो, ‘तुम्ही कमिट केलं होतंत.’ याला उत्तर गाइडमध्ये आहे : २०११च्या आवृत्तीपासून स्प्रिंटला उचललेली कामांची यादी हा अंदाज मानला जातो. टीम बांधील आहे ती स्प्रिंट गोलला. ‘थकबाकी नसलेल्या सभासदाला घरबसल्या मेंटेनन्स भरता येईल’ हा गोल. पीडीएफ पावती राहिली तरी तो साधतो. ‘बॅकलॉगमधले बारा आयटम संपवणे’ हा गोल नव्हे.

पंचेचाळीस मिनिटांच्या स्टँडअपबद्दल. चौदा माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं, झाली ४२. यात कोणाची शिस्त बिघडलेली नाही, टीमच मोठी आहे. गाइड साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसं म्हणतं, प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालावी म्हणून टीमला मदत करणारा) धरून. टीम तोडता येत नसेल तर निदान माणसांवरून फिरणं थांबवा, कामांवरून फिरा : बोर्डच्या उजव्या टोकापासून, म्हणजे पुरं होत आलेल्या कामापासून सुरुवात. ‘पेंडिंग पेमेंटची केस आज संपवायला कोण काय करणार?’ एवढाच प्रश्न. दोघांचा तांत्रिक वाद सुरू झाला की तो पंधरा मिनिटांनंतर त्या दोघांनीच मिटवायचा. डेली स्क्रम डेव्हलपरांची असते, आणि गाइडच्या भाषेत टेस्टरसुद्धा डेव्हलपरच. मॅनेजर समोर बसला की सगळे त्याच्याकडे तोंड करून बोलतात, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला बोर्डची लिंक द्या, त्याची माहितीची भूक बरीचशी तिथे भागते.

दोन टीमच्या पॉइंटांची तुलना ही शुद्ध खुळेपणाची गोष्ट आहे. ४० पॉइंटवाली टीम २५वालीपेक्षा वेगवान असं ठरलं, की दुसरी टीम दोनच महिन्यांत ५०वर जाते आणि काम तेवढंच राहतं, फक्त तीनचा आयटम पाचचा होतो. पॉइंट ठेवायचे तर टीमपुरते, पुढच्या स्प्रिंटचा अंदाज बांधायला.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती जास्त गंभीर आहे : प्रॉडक्ट ओनर अमेरिकेत, इथे त्याचा ‘प्रॉक्सी’, म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. प्रॉक्सीला निर्णयाचा अधिकार नसेल तर प्रत्येक शंकेला एक दिवस जातो. दहा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये अशा तीन शंका म्हणजे आयटम गेलाच. त्यावर पूर्ण इलाज टीमच्या हातात नाही. पण दोन गोष्टी करता येतात. कोणत्या मर्यादेपर्यंतचे निर्णय इथे घ्यायचे ते लेखी मागून घ्या. आणि आठवड्यातून तासभर त्याच्यासोबत रिफाइनमेंट (पुढच्या कामांची आधीच उकल) करा, म्हणजे शंका स्प्रिंटच्या आधीच निघतात. डेली स्क्रम मात्र त्याच्यासाठी रात्री ठेवू नका.

तुमचं काम मुख्यतः सपोर्टचं असेल, तिकिटं दर तासाला येत असतील आणि आठवड्याचा बेत दुसऱ्याच दिवशी मोडत असेल, तर तुमचं म्हणणं खरं आहे : स्क्रम तिथे बसत नाही. कानबान घ्या, म्हणजे स्प्रिंट न पाडता सतत येणारं काम हाताळायची पद्धत. हातातल्या कामांवर मर्यादा, तिकीट आल्यापासून सुटेपर्यंत लागणाऱ्या वेळाची नोंद, बस. दोन आठवड्यांचा स्प्रिंट तिथे बळजबरीने लादलेला असतो.

राहिला सर्टिफिकेटचा प्रश्न. नोकरी बदलताना एचआरच्या चाळणीतून पुढे जायला उपयोग होतो, एवढ्यासाठी करा. पीएसएम वन (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के लागतात, क्लास सक्तीचा नाही आणि ते कालबाह्य होत नाही. सीएसएमसाठी (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) अधिकृत ट्रेनरचा कोर्स करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं. खिशातून पैसे जाणार असतील तर पहिलं घ्या, कंपनी भरणार असेल तर ट्रेनर बघून दुसरं. त्याआधी गाइड दोनदा वाचा, ते फुकट आहे, आणि तुमच्या टीमच्या बोर्डवरचे मागच्या स्प्रिंटमधले आयटम घेऊन त्यातले किती खरोखर ‘झाले’ होते ते तपासा. आकडा जो येईल तो इथे कॉमेंटमध्ये टाका, त्यावर पुढे बोलू.