मॅकेलेले विकून माद्रिदने नेमके काय गमावले?

फ्रान्सचा बचावात्मक मिडफिल्डर क्लॉड मॅकेलेले याची कारकीर्द फुटबॉलवर बोलणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराने एकदा तरी नीट पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ल्ड कप आला की आपल्या पेठापेठांतून मेस्सी, नेमार आणि ख्रिस्तियानो रोनाल्डोचे भलेमोठे फलक उभे राहतात. बचावफळीपुढे उभे राहून संघ सांभाळणाऱ्या खेळाडूचा फलक मी आजवर पाहिलेला नाही.

किन्शासा येथे जन्मलेला आणि फ्रान्समध्ये वाढलेला हा ठेंगणा खेळाडू नांत, मार्सेय आणि सेल्टा व्हिगो असा प्रवास करत 2000 साली स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबमध्ये आला. तेथे झिदान, फिगो, ब्राझीलचा रोनाल्डो अशी नावे एकेक करून जमत गेली आणि 2002 मध्ये संघाने युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीगही जिंकली; पण रॉबेर्तो कार्लोस डाव्या बगलेने वर धावला की त्याच्या मागे पडलेली मोकळी जागा कोण भरत होते, याकडे मालकमंडळींचे लक्ष नव्हते. ती भरणाऱ्या मॅकेलेलेचा पगार या तारकांच्या तुलनेत फारच कमी होता. त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि बेकहॅम आला त्याच 2003 च्या उन्हाळ्यात मॅकेलेले इंग्लंडच्या चेल्सी क्लबला गेला. पुढच्या हंगामात माद्रिदने स्पॅनिश लीगचे शेवटचे पाचही सामने गमावले आणि संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. प्रशिक्षक देल बॉस्के आणि कर्णधार हिएरो हेही तेव्हाच गेले होते, त्यामुळे सगळे खापर एका विक्रीवर फोडणे योग्य होणार नाही. तरीही लीगचे विजेतेपद परत मिळायला 2007 उजाडले, हे विसरता येत नाही.

चेल्सीचे चित्र नेमके उलटे होते. 2004-05 मध्ये त्यांनी पन्नास वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली आणि 38 सामन्यांत अवघे 15 गोल खाल्ले. त्यांचा मिडफिल्डर लॅम्पार्ड बिनघोर पुढे जाऊन गोल करू शकला, कारण मागे मॅकेलेले होता. तो चेंडू हिसकावून घेई आणि फुशारकी न मारता जवळच्या खेळाडूकडे साधा पास देऊन पुन्हा आपल्या जागी येई. इंग्लंडमध्ये त्या जागेलाच त्याचे नाव पडले. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये व्हिएरासोबत त्याने मधली फळी अशी बांधली की फ्रान्सने ब्राझीलला 1-0 ने घरी पाठवले. बर्लिनच्या अंतिम सामन्यानंतर मात्र जगभर चर्चा झाली ती फक्त झिदानने प्रतिस्पर्ध्याला डोक्याने मारलेल्या धडकेची.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मला हेच दिसते. कॉर्नर मिळाला की सगळा संघ पुढे धावतो, आणि मध्यवर्तुळाजवळ एक पोरगा थांबून उजव्या बॅकला हाताने मागे खेचत असतो. चेंडू परतून आला तर प्रतिस्पर्ध्याचा पहिला पास त्याच्याच अंगावरून जाणार आहे, हे त्याला ठाऊक असते. आणि माझ्या शेजारून आरोळी उठते, "अरं, पुढं जा की रं!" तो ऐकून पुढे गेला असता, तर त्याच मिनिटाला गोल बसला असता, आणि शिव्याही त्यालाच बसल्या असत्या.

बाहेरचा खेळाडू आणायचा म्हटले की आपली फुटबॉल मंडळे आधी स्ट्रायकर शोधतात. लोकवर्गणीतून पैसा उभा राहतो आणि लोकांना गोल हवे असतात, हे मला समजते. पण मध्ये हाफ, म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू, कच्चा असेल तर तो महागडा स्ट्रायकर चेंडूची वाट बघत उभा राहतो. वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी'ओर 2024 मध्ये रॉड्रीला, म्हणजे याच जागेवरच्या खेळाडूला मिळाला. जगाने जे मान्य केले, ते पेठांनी मान्य करायला हरकत नसावी. म्हणून स्पर्धांच्या संयोजकांना विनंती आहे, की सामनावीर निवडणाऱ्या समितीत मधल्या फळीत खेळलेला एक तरी जुना खेळाडू घ्यावा. पाठीराखे कुरकुर करतील, हे गृहीत धरूनच घ्यावा.